पीएलएफएसवाले दारात आले तर: तुमचं काम कोणत्या खान्यात बसतं?

पीएलएफएस ही कोण काय काम करतं हे विचारणारी सरकारी पाहणी. तिच्यासाठी अर्ज करता येत नाही. 'यादीत नाव घालून देतो' म्हणत कुणी पैसे मागितले तर तो फसवतोय. नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षण, म्हणजे पीएलएफएस, राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय एप्रिल २०१७ पासून करतं. घरं नमुना पद्धतीने निवडली जातात. जानेवारी २०२५ पासून निवडलेल्या घरी सलग चार महिने, दर महिन्याला एकदा येतात. तेव्हा 'परवाच तर लिहून नेलंत' म्हणून दार लावू नका.

पात्रतेचा मुद्दा एकच, चूल. एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब. दोघे भाऊ एकाच वाड्यात राहतात पण चुली वेगळ्या, तर कुटुंबं दोन. चार दिवसांसाठी आलेला पाहुणा धरत नाहीत.

कागदपत्रं जोडायची नसतात, सगळं तोंडी चालतं. उलट आलेल्या माणसाचं ओळखपत्र तुम्ही मागायचं. ओटीपी किंवा एटीएमचा पिन कुणालाच सांगायचा नाही.

खरी गडबड होते ती 'काय करता?' या प्रश्नाला. बाप्या 'शेती' म्हणतो आणि बायकोकडे बोट दाखवून 'ती काही करत नाही, घरीच असते' म्हणून मोकळा होतो. ती पहाटे उठून दोन म्हशींचं दूध काढते, खुरपायला जाते. घरच्या शेतीत किंवा धंद्यात बिनपगारी राबणाऱ्या माणसासाठी २१ हा वेगळा संकेतांक आहे. 'घरीच असते' एवढंच सांगितलं तर तिला ९२ मिळतो, म्हणजे फक्त घरकाम, आणि ती कामगारांच्या आकड्यातून गळते. नियमही गमतीचा आहे: म्हैस घरच्या दुधापुरती पाळली तरी ते काम धरतात, पापड घरच्यापुरते लाटले तर धरत नाहीत. विकायला लाटले की पुन्हा काम.

स्वतःचा धंदा, पण पगारी माणूस नाही, त्याला ११. कायम माणसं ठेवली असतील तर १२. पगारदाराला ३१, रोजंदारीवाल्याला बहुतेक ५१, पण मनरेगाच्या कामाला ४२. काम शोधणाऱ्याला ८१.

काळही दोन तऱ्हांनी विचारतात. गेल्या ३६५ दिवसांत जास्त काळ जे केलं ते मुख्य. त्याशिवाय ३० दिवस किंवा जास्त केलेलं दुय्यम. म्हणजे वर्षभर घर सांभाळून सुगीत महिना-दीड महिना मजुरीला जाणारी बाईसुद्धा नोंदीत येते, पण ते सांगितलं तर. गेल्या सात दिवसांच्या हिशेबात एखाद्या दिवशी एक तास केलेलं कामही पुरतं.

मग उद्योग आणि व्यवसाय. लोक या दोन्हींची सरमिसळ करतात. साखर कारखान्यातल्या ड्रायव्हरचा उद्योग साखरनिर्मिती, व्यवसाय मात्र वाहन चालवणं. व्यवसायाचा क्रमांक राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण २०१५ या कामांच्या सरकारी यादीतून देतात. ड्रायव्हर भाग ८ मध्ये, शेतमजूर भाग ९ मध्ये, शिक्षक भाग २ मध्ये. म्हणून 'कंपनीत आहे' हे उत्तर काही कामाचं नाही. कंपनी काय बनवते आणि तुम्ही तिथे हाताने काय करता, दोन्ही सांगा.

सगळ्या घराचा वर्ग वेगळा ठरतो, तो मिळकतीवरून: जास्त पैसा स्वतःच्या धंद्यातून येतो, पगारातून की मजुरीतून. यावरून रेशनकार्डाचा रंग बदलत नाही, कुठली योजना मिळत नाही, बंदही होत नाही. सांख्यिकी संकलन अधिनियम, २००८ प्रमाणे अशी माहिती फक्त सांख्यिकीच्या कामासाठी वापरायची असते.

एखादा मात्र फ्रिज, वॉशिंग मशीन असं विचारू लागतो. तो बहुधा बाजार संशोधनवाला. त्यांची एनसीसीएस नावाची प्रतवारी असते: घरातल्या मुख्य कमावत्याचं शिक्षण आणि ११ वस्तूंपैकी घरात किती, यावरून ए१ ते ई३ असे १२ वर्ग. तो कंपनीच्या कामाला आलेला असतो. त्याला उत्तरं द्यायची की नुसता चहा, ते तुमचं तुम्ही ठरवा.