पेम्फिगस, हेली-हेली आणि ‘आनुवंशिक’ नावाचा घोळ

पेम्फिगस व्हल्गॅरिस हा फोडांचा आजार ज्यांच्या घरात आहे त्यांना तो काय सांगायचा! आधी महिनोन्‌महिने तोंड येतं, मग अंगावर ढिले फोड, बोटानं घासलं तरी कातडी सरकते. पेशींना एकमेकींशी जखडून ठेवणाऱ्या डेस्मोग्लीन प्रथिनांवर आपलीच प्रतिपिंडं (अँटिबॉडी) उलटतात. स्टेरॉइड, रिटुक्सिमॅब वगैरे औषधं त्या घरांना पाठच असतील.

हेली-हेली हा कातडीचा दुसरा आजार म्हणजे त्याचा तोतया. १९३९ साली हेली आडनावाच्या दोन भावांनी त्याचं वर्णन केलं आणि नाव दिलं ‘फॅमिलिअल बिनाइन क्रॉनिक पेम्फिगस’. या नावावर माझा जुना राग आहे, कारण हा पेम्फिगस नाहीच. काखेत-जांघेत ओल्या चिरा पडतात, घामानं चिघळतात आणि पेशंट वर्षभर गजकर्णाचं मलम चोळत बसतो. पुष्कळदा नखांवर उभ्या पांढऱ्या रेघा असतात, त्या बघायच्या राहतात. इम्युनोफ्लुरेसन्स (कातडीच्या तुकड्यात चिकटलेली प्रतिपिंडं चमकवून दाखवणारी तपासणी) केलं तर पेम्फिगसमध्ये पेशींभोवती जाळी उजळते, इथे सगळा अंधार. फरक ओळखायला एवढं पुरे.

डोकं खातो तो ‘आनुवंशिक’ हा शब्द. परवा पेम्फिगसच्या फॉलोअपला आलेल्या बाईंची मुलगी, आई बाहेर गेल्यावर, हळूच म्हणाली, “डॉक्टर, मला स्थळ आलंय. त्यांना आईचं सांगावं लागेल का? नेटवर जेनेटिक लिहिलंय.”

जेनेटिक हेली-हेली आहे, बाई. एटीपी२सी१ हे एकच जनुक बिघडतं, पेशीतला कॅल्शियमचा पंप अडखळतो. आई-वडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलात तो बिघाड उतरायची शक्यता निम्मी, आणि उतरला तर बहुधा तिशी-चाळिशीत तो दिसतोच.

पेम्फिगसमध्ये असं बिघडलेलं जनुक नाहीच. आहेत ते एचएलए नावाच्या, प्रत्येकातच असणाऱ्या जनुकांचे काही प्रकार: अश्केनाझी ज्यूंमध्ये डीआरबी१*०४:०२, भारतीय रुग्णांत डीआरबी१*१४ आणि डीक्यूबी१*०५:०३. प्रथिनाचा कुठला तुकडा प्रतिकारशक्तीपुढे धरायचा हे एचएलए ठरवतं, आणि हे प्रकार डेस्मोग्लीनचे तुकडे जरा जास्तच चांगले धरतात. तो दोष नव्हे, नुसता कल. असे प्रकार असलेल्या बहुतेकांना जन्मात एक फोड येत नाही. रुग्णांच्या काही सख्ख्या नातलगांच्या रक्तात थोडी प्रतिपिंडंसुद्धा सापडली आहेत आणि माणसं ठणठणीत आहेत. वरून काहीतरी ठिणगी पडावी लागते. ब्राझीलमधल्या लिमाओ व्हेर्दे गावात पेम्फिगस फोलिएशस, म्हणजे पेम्फिगसचाच दुसरा प्रकार, ठाण मांडून आहे. तिथेही ठरावीक एचएलए सापडतात, पण संशय चावणाऱ्या माश्यांवर आहे: वालुमाशीच्या लाळेतल्या एका प्रथिनाला चिकटणारी प्रतिपिंडं डेस्मोग्लीन १ लाही (डेस्मोग्लीनचाच एक प्रकार) चिकटतात.

मुलीचा पुढचा प्रश्न ठरलेला होता, “मग माझी एचएलए टेस्ट करून घेऊ?” मी ती लिहून देत नाही. पॉझिटिव्ह आली तर करायचं काय? त्याच पैशात आईच्या हाडांची तपासणी करा म्हटलं, स्टेरॉइडवर आहेत त्या, आणि स्टेरॉइडनं हाडं ठिसूळ होतात.