रायफलीच्या दस्त्यावर राणीछाप रुपया बसवायचाय? आधी हे कागद पाहा

दसऱ्याला पंधरा दिवस उरले की आमच्याकडे हा प्रश्न येतोच. यंदा राळेगाव तालुक्यातल्या एका कास्तकारानं विचारला. आजोबांची .३१५ ची रायफल आता रीतसर त्याच्या नावावर झालेली. म्हणाला, "आबाच्या बटव्यातला राणीछाप रुपया बटावर बसवून घ्यावा म्हणतो. त्याच्यासाठी कलेक्टर ऑफिसात अर्ज द्यावा लागते का? का गावातल्या सुतारानं बसवून देल्ला तरी चालते?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६, दोन्हींत दस्त्यावरच्या (दस्ता म्हणजे बट, बंदुकीचा मागचा लाकडी भाग) नाण्यासाठी, पितळी पट्टीसाठी किंवा नक्षीसाठी वेगळा परवाना नाही आणि छापील फॉर्मही नाही. दस्त्यावर रुपया लागला म्हणून रायफलीची नळी, बोर (नळीची आतली रुंदी) किंवा प्रकार बदलत नाही. कायद्याला त्या रुपयाचं सोयरसुतक नाही. कायदा पाहतो तो नंबर, नळी आणि बंदूक कोणाच्या हातात गेली ते. सुताराचा प्रश्न या शेवटच्या गोष्टीत मोडतो आणि माणसं नेमकी तिथंच अडकतात.

सुताराकडे का नाही

अधिनियमाच्या कलम ५ प्रमाणे बंदूक बनवणं, विकणं, तिच्यात फेरफार करणं आणि दुरुस्त करणं या सगळ्याला परवाना लागतो. दस्त्यात नाण्यापुरती खाच पाडणं ही दुरुस्ती आहे की नुसती सजावट, यावर दोन वकील दिवसभर भांडू शकतील. पण ते भांडण कोर्टात होईल आणि तोवर सुतार आरोपीच्या पिंजऱ्यात असेल. २०१९ च्या सुधारणेनंतर कलम ५ मोडल्याची शिक्षा किमान ७ वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे. शिवाय रायफल दोन दिवस त्याच्या पडवीत राहिली, तर विनापरवाना शस्त्र बाळगल्याचा कलम ३ चा मुद्दा वेगळाच.

"मग दस्ता सुटा करून नुसतं लाकूडच नेतो," असं एकानं सुचवलं होतं. डोकं चांगलं चाललं, पण कायद्यातल्या 'शस्त्र' या शब्दाच्या व्याख्येत शस्त्राचे भागही येतात. ही पळवाट धरू नका.

काम करून घ्यायचं ते परवानाधारक गन हाऊसकडे, आणि त्यातही ज्याच्या परवान्यात दुरुस्तीचं काम नोंदलेलं आहे त्याच्याकडे. सगळेच विक्रेते दुरुस्ती करत नाहीत. गावाहून निघण्याआधी फोन करून एवढं विचारलं, तर नागपूरची एक खेप वाचते.

रायफल स्वतः घेऊन जाणं सगळ्यात बरं. वय झालं, गुडघे दुखतात, पोराला पाठवायचं आहे, अशा वेळी कलम ३ मध्ये एक सवलत आहे, ती फार थोड्यांना माहीत असते. दुरुस्तीसाठी किंवा परवान्याच्या नूतनीकरणासाठी परवानाधारकाच्या समोर किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर दुसऱ्या माणसाला बंदूक नेता येते. 'लेखी' हा शब्द लक्षात ठेवा. "बापाची आहे, बापानंच पाठवलं" एवढ्यावर नाक्यावरचा शिपाई सोडणार नाही, आणि त्यानं सोडूही नये.

हे कोणाला करता येतं

ज्याच्या परवान्यावर ते शस्त्र चढलेलं आहे आणि ज्याचा परवाना चालू आहे, त्याला. परवाना ५ वर्षांचा असतो, पूर्वी ३ वर्षांचा होता. त्यावर शस्त्र परवान्यांच्या राष्ट्रीय डेटाबेसचा यूआयएन, म्हणजे स्वतंत्र ओळख क्रमांक, आहे का, ते पाहा. जुन्या पुस्तिका ट्रंकेत ठेवून बसलेल्या मंडळींकडे कधीकधी तो नसतो. तसं असेल तर रुपया राहू द्या बाजूला, आधी कलेक्टर ऑफिसच्या गृह शाखेत जा. मुदत संपत आली असेल तर दोन महिने आधीच नूतनीकरणाला टाका. नागपूर आणि अमरावती शहरात राहणाऱ्यांना कलेक्टरकडे नाही, पोलीस आयुक्तालयात जावं लागतं.

वाडवडिलांची बंदूक असेल तर ती आधी तुमच्या नावावर असली पाहिजे. बाप गेला आणि बंदूक खुंटीला तशीच लटकत राहिली, असं आपल्याकडे फार घरांत झालेलं आहे. ती बंदूक ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते आणि वारसानं परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. सोबत मृत्यू दाखला, वारसाचा पुरावा आणि बाकीच्या वारसांची ना-हरकत. बहिणींचीही, हे मुद्दाम सांगतो. शस्त्र नियम २०१६ चा नियम २५ आणखी एक वाट देतो. परवानाधारकाला ७० वर्षं पूर्ण झाली किंवा शस्त्र बाळगून २५ वर्षं झाली, यातलं जे आधी होईल तेव्हा तो हयातीतच वारसाचं नाव सुचवू शकतो. राळेगावच्या आबांनी हेच केलं, म्हणून नातवाला आज रुपयाचाच विचार करावा लागतो आहे.

नवा परवाना काढणाऱ्यासाठी वयाची २१ वर्षं पूर्ण हवीत. अर्ज ए-१ नमुन्यात, तोही ऑनलाइन पोर्टलवरून. त्यासोबत फोटो, आधार, रहिवासाचा आणि जन्मतारखेचा पुरावा, शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आणि शारीरिक-मानसिक तंदुरुस्तीचा डॉक्टरी दाखला. पीक संरक्षणाचं कारण असेल तर सातबारा आणि आठ-अ. त्यानंतर ठाणेदाराचा अहवाल. नकार मिळाला तर कारणं लेखी मागा. जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशावर विभागीय आयुक्तांकडे अपील करता येतं.

इथं एक गैरसमज दूर केलेला बरा. पीक संरक्षणासाठी कायद्यानं मुळात भरमार, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासायची, बंदूक धरलेली आहे. ती पुरेशी नाही असं अधिकाऱ्याला पटलं तरच गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक, म्हणजे आपली बारा बोर. रायफल त्यात येत नाही. आणि बंदुकीचा परवाना म्हणजे रानडुक्कर मारायचा परवाना नव्हे. पराटीत (कपाशीत) डुकरं घुसोत नाहीतर तुरीत रोही (नीलगाय), त्यांच्यासाठी वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ११ खाली वनखात्याची वेगळी परवानगी लागते.

सोबत काय न्यायचं

मूळ परवाना, आधार आणि रिकामी रायफल कव्हरमध्ये. काडतुसं घरीच ठेवा, रुपया बसवायला ती लागत नाहीत. गन हाऊसकडून शस्त्र जमा केल्याची पावती घ्या आणि तिच्यावर रायफलीचा नंबर व तारीख स्वतः वाचून पाहा. काम झाल्यावर बिल घ्या. बिलात 'दुरुस्ती' असं मोघम नको. 'दस्त्याच्या उजव्या बाजूस चांदीचे नाणे बसविले, इतर कोणताही बदल नाही' असं स्पष्ट लिहून मागा.

आता माझा आग्रह. नियमात नाही, तरी परवाना देणाऱ्या कार्यालयात साध्या कागदावर माहितीचं पत्र द्या आणि एक प्रत ठाण्यात. मजकूर असा पुरतो:

"मी खालील सही करणार, परवाना क्र. ... , यूआयएन ... , माझ्या नावे .३१५ बोर रायफल क्र. ... नोंद आहे. सदर रायफलीच्या लाकडी दस्त्यावर शोभेसाठी चांदीचे एक नाणे परवानाधारक दुरुस्तीकाराकडून बसवून घेतले आहे. त्यामुळे शस्त्राचा क्रमांक, नळी, बोर अथवा प्रकार यांत कोणताही बदल झालेला नाही. दोन्ही बाजूंची छायाचित्रे व बिलाची प्रत सोबत जोडली आहे. माहितीस्तव सादर."

आवक शिक्का मारलेली पोच घ्या. बाबू म्हणेल, "याची काही गरज नाही हो." नसेल, पण पोच घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका.

मी हे अनुभवानं सांगतो. एका निवडणुकीत आमच्या ओळखीच्यांची बारा बोर आचारसंहितेत जमा झाली. दस्त्यावर चांदीची पट्टी होती, पावतीवर फक्त बंदुकीचा नंबर. परत मिळाली तेव्हा पट्टीच्या जागी दोन खिळ्यांची भोकं. ठाण्यातले म्हणाले, पट्टी नव्हतीच. सिद्ध कशानं करणार? तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो, जमा करताना पावतीवर दस्त्याचं वर्णनसुद्धा लिहून घ्या.

काय बसवायचं नाही

नंबर किंवा कारखान्याची खूण झाकेल असं काहीही नाही. रायफलीचा नंबर बहुतेक वेळा नळीच्या मुळाशी पोलादावर असतो, त्यामुळे दस्त्यावरचा रुपया त्याच्या आड येत नाही. जुन्या दुनळी बंदुकांचं मात्र तसं नाही. कित्येकींचा नंबर घोड्याखालच्या कडीच्या शेपटीवर, म्हणजे दस्त्याच्या मनगटाशी, हातात धरायच्या बारीक भागाशी, कोरलेला असतो. पट्टी लावायला लोकांना नेमकी तीच जागा आवडते. ओळखखूण खोडणं, काढणं, बदलणं कलम ८ खाली गुन्हा आहे. पट्टी नुसती झाकते, खोडत नाही, हे खरं. पण नूतनीकरणाच्या वेळी ती उचकटून दाखवावी लागेल आणि तिथं उभं राहून तुम्ही घामाघूम व्हाल.

सांबराचं शिंग तर चुकूनही नाही. ताडोबाच्या, मेळघाटाच्या, टिपेश्वरच्या आजूबाजूच्या गावांत हा मोह फार. जंगलात पडलेलं चितळाचं शिंग सापडलं, कोणी मारलं नाही, काही नाही, मग त्याची चकती कापून दस्त्यात बसवली तर काय बिघडलं? बिघडतं. गळून पडलेलं शिंगसुद्धा वन्यजीव कायद्याखाली येतं, आणि बंदुकीवर शिंग पाहिलं की वनरक्षक शिकारीपासूनच विचारायला सुरुवात करतो. वाघनख आणि हस्तिदंत यांचं तर बोलायलाच नको.

'नुसता शोभेचा' सायलेन्सरही नको. आवाज किंवा ज्वाळा कमी करणारं साधन कायद्याच्या व्याख्येत बंदुकीतच मोजलं जातं. दिसायला तसलं काही लावलं, तर ते पोकळ आहे हे सिद्ध करत बसणं तुमच्या वाट्याला येईल.

लाकडाची गोष्ट

जुना चांदीचा रुपया सुमारे ३१ मिलीमीटर रुंद असतो. त्याला भोक पाडू नका. पाडलं की नाण्याची किंमत गेली. चांदीची कडी करून तिच्यात रुपया बसवायचा आणि दस्त्यात रुपयाच्या जाडीइतकीच उथळ खाच घ्यायची, हे कसलेल्या कारागिराला सांगावं लागत नाही. उजव्या खांद्यावरून नेम धरणाऱ्याचा गाल दस्त्याच्या डाव्या बाजूला टेकतो, म्हणून रुपया उजवीकडे. मनगटाच्या बारीक भागात कधीच नाही. धक्क्याचा सगळा जोर तिथून जातो आणि तिथलं लाकूड चिरलं की अख्खा दस्ता बदलावा लागतो.

ज्याला लाकडाला हात लावायचा नसेल, त्यानं चामड्याचं बांधायचं कव्हर घ्यावं आणि त्यावर नाव कोरून घ्यावं. खिळा नाही, खाच नाही, मनात आलं की सोडून ठेवता येतं. पावसाळ्यात मात्र ते काढाच, चामड्याखाली ओल धरते. दस्त्याला चकाकी हवी असेल तर व्हार्निश कशाला, आपल्या जवसाचं उकळलेलं तेल आहे. बंदुकीच्या लाकडाला ते पूर्वीपासून लावतात. चार थेंब फडक्यावर घ्यायचे, चोळायचे आणि रात्रभर वाळू द्यायचे.

राळेगाववाला सोयाबीनची सोंगणी आटोपली की नागपूरला जाणार आहे. म्हणजे यंदाच्या दसऱ्याला रुपया रायफलीवर नाही, तिच्याशेजारी पाटावर ठेवून पुजला जाईल. त्याला तीन गोष्टी सांगून ठेवल्या आहेत. पूजेला ठेवण्याआधी नळी रिकामी आहे हे दोनदा पाहायचं. पोलादावर लावलेलं ओलं हळदकुंकू त्याच संध्याकाळी पुसायचं, नाहीतर दिवाळीपर्यंत गंज. आणि सोनं लुटून आल्यावर हवेत बार काढायचा नाही. आनंदाच्या भरात काढलेल्या बारालाही आता कलम २५ मध्ये २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड आहे, किंवा दोन्ही.