सिझर लिफ्ट कुठल्या उंचीवर अडखळते ते बघा

हापूसचा सीझन जोरात असताना पॅकहाऊसमधली सिझर लिफ्ट (कात्रीसारखे आर्म उघडून माल वर उचलणारं टेबल) बंद पडली की सगळे मोटर जळली म्हणून मोकळे होतात. मोटर जळते, नाही असं नाही, पण ही लिफ्ट एका दिवसात सहसा मरत नाही, आधी बरेच दिवस कुरकुरत असते आणि आपण सीझनच्या गडबडीत तिकडे कानाडोळा करतो. त्या कुरकुरीचा अर्थ लावायला फार शिकलेलं असायला लागत नाही. आवाज कसला येतोय हे बघाच, पण त्याआधी तो लिफ्ट कुठल्या उंचीवर असताना येतोय ते बघा. कुडाळ एमआयडीसीतलं शेड असो, रत्नागिरीत मिरकरवाड्याला बंदरावरचा माल चढवायचा धक्का असो नाहीतर व्हील अलाइनमेंटवाल्याचं गॅरेज असो, सगळीकडे गणित तेच.

या लिफ्टमध्ये असतं काय, तर फुलीच्या आकारात मधोमध पिनेने जोडलेले आर्म, खालचं एक टोक फिक्स, दुसरं रोलरवर सरकणारं, आणि त्यांना ढकलणारा हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा सिलिंडर. समजा सिलिंडर खालच्या टोकाला आडवा ढकलतोय आणि वर १ टन माल आहे. आर्म जमिनीशी ४५ अंशात असताना साधारण १ टनच जोर लागतो, ३० अंशात पावणेदोन टनाच्या आसपास, आणि लिफ्ट पार खाली बसलेली असताना, म्हणजे १० अंशात, साडेपाच टनांहून जास्त! एकावर एक दोन फुल्या असतील तर त्याच्या दुप्पट. डोक्यावर भरलेली पाटी घेऊन उकिडवं बसलेल्या माणसाचा जीव उठताना पहिल्या वीतभरातच जातो, पुढे तो सरळ चालू लागतो, तसंच हे. म्हणून सिलिंडर तिरका बसवतात, त्याने जोर थोडा कमी लागतो, पण पहिला फूटभर जड जायचाच.

त्यामुळे लिफ्ट फक्त तळाशीच रडत असेल, एकदा तिथून जरा वर निघाली की पुढे भराभर वर जात असेल, तर गोष्ट प्रेशरची आहे. पंप झिजलाय, किंवा माल जास्त झालाय, किंवा रिलीफ व्हॉल्व्ह लवकर उघडतोय (प्रेशर हद्दीबाहेर गेलं की तेल परत टाकीत सोडणारा व्हॉल्व्ह, तो उघडला की सूंऽऽ असा आवाज येतो आणि टेबल जागेवरच राहतं). इथे आपल्याकडची एक सवय मला अजिबात पटत नाही. लिफ्ट उचलत नाही म्हटल्यावर कुणीतरी पाना घेऊन येतो आणि रिलीफ व्हॉल्व्हचा स्क्रू आवळतो, लिफ्ट उचलते, सगळे खूश. अहो तो स्क्रू कंपनीने सेट केलेला असतो तो आर्म, पिना आणि होज पाईप किती सोसतील ते बघून, तो आवळून मशीनची ताकद वाढत नाही, फक्त ‘आता पुरे’ म्हणणारा बाजूला होतो.

तळाशी रडण्याचं दुसरं कारण लिफ्टच्या बाहेरच असतं, व्होल्टेज. पंप फिरवणाऱ्या इंडक्शन मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गावर अवलंबून असतो, म्हणजे व्होल्टेज १० टक्के पडलं तर जोर जवळजवळ १९ टक्के पडतो. सकाळी पूर्ण माल उचलणारी लिफ्ट संध्याकाळी सगळ्या गावाचे पंप आणि फ्रीज चालू झाल्यावर त्याच मालाला नाही म्हणत असेल तर फिटरला बोलवायच्या आधी मीटर लावून बघा. आणि पावसाळ्यात तर वेगळीच गंमत, झाड पडून लाईन तुटते, लाईनमन भर पावसात येऊन जोडून जातात, त्यात कधीकधी दोन फेज उलटसुलट जोडले जातात. मग मोटर झकास फिरते, पण उलटी. पंप तेल ढकलत नाही, टेबल हलत नाही आणि आपण पंप गेला समजून बसतो. उलटा पंप तेलाशिवाय कोरडा घासतो म्हणून जास्त वेळ चालवायचा नाही, इलेक्ट्रिशियनकडून दोन फेज अदलाबदल करून घेतले की काम होतं.

दरवेळी त्याच उंचीवर धक्का बसत असेल तर तेलाकडे बघूच नका. भिंतीवर खडूने खूण करा, तीनचार वेळा वरखाली करा, खुणेपाशीच अडखळली तर रोलर ज्या चॅनलमध्ये सरकतो तिथे काहीतरी आहे. जांभ्याचा खडा, सुकलेला चिखल, नाहीतर चॅनलला पडलेला पोचा. याउलट सगळ्याच उंचीवर टेबल हबकत वर जात असेल, स्पंजसारखं दबत असेल, तर तेलात हवा आहे. तेल जवळजवळ दबतच नाही, हवा सहज दबते, म्हणून पंपाचा जोर आधी ते बुडबुडे दाबण्यात जातो. बहुतेक वेळा टाकीत तेलच कमी असतं. तेल मात्र लिफ्ट पूर्ण खाली असतानाच बघायचं आणि भरायचं, वर असताना भरलं तर सिलिंडरमधलं तेल परत आल्यावर टाकी उतू जाते. पंपातूनच खडखड किंवा किंचाळल्यासारखा आवाज येत असेल तर सक्शनची, म्हणजे पंप टाकीतून तेल ओढतो तिथली जाळी तुंबलेली असू शकते. पंपाला पुरेसं तेल मिळालं नाही की आतल्या पोकळीत प्रेशर इतकं पडतं की तेलात वाफेचे बुडबुडे तयार होतात आणि पुढे जास्त प्रेशरला ते फुटतात, आणि प्रत्येक फुटणं पंपाच्या धातूचा कणभर तुकडा काढतं.

सगळ्यात जास्त भांडणं होतात ती उभ्या असलेल्या लिफ्टवरून. काल संध्याकाळी वर ठेवली होती, सकाळी खाली उतरलेली. भूत नाही, पण लगेच गळतीही समजू नका. हायड्रॉलिक तेल १० अंश थंड झालं की साधारण ०.७ टक्के आकसतं, म्हणजे सिलिंडरमध्ये ३०० मिलिमीटर तेल उभं असेल तर २ मिलिमीटर, आणि आर्ममुळे टेबलावर ते काही पटीने दिसतं. दिवसभर चालून गरम झालेली लिफ्ट रात्रीत एवढीशी उतरणारच. पण १०-१५ मिनिटांत डोळ्यांना दिसेल एवढी उतरत असेल, आणि रिकामी असताना कमी, भरलेली असताना जास्त, तर मात्र गळती. सिलिंडरमधून आतबाहेर होणाऱ्या रॉडभोवती तेल ओघळलंय का बघा. ओघळ असेल तर सील, म्हणजे तिथे तेल अडवणारी कडी गेली. बाहेर सगळं कोरडं असेल तर बहुतेकदा खाली उतरवायच्या व्हॉल्व्हच्या सीटवर कचरा बसलेला असतो, केसाएवढा कण पुरतो. व्हॉल्व्ह साफ न करता नवीन सील टाकून पैसे घेणारे पण भेटतात, सांगून ठेवतो.

हा कचरा येतो कुठून? इथे आपल्या समुद्राचा संबंध येतो. लिफ्ट वर गेली की टाकीतलं तेल कमी होतं आणि तेवढी हवा ब्रीदरमधून (टाकीवरचं हवा येण्याजाण्याचं भोक) आत येते, खाली आली की बाहेर जाते, म्हणजे टाकी दिवसभर श्वास घेत असते, आणि जुलैतला कोकणातला श्वास म्हणजे नुसती वाफ. रात्री टाकी थंड झाली की झाकणाच्या आतून पाणी धरतं आणि तेलात पडतं, तेल दुधाळ होतं, आत गंज धरतो, गंजाचे कण व्हॉल्व्हवर. तपासायचं असेल तर बाहेर मोकळ्यावर गरम तव्यावर एक थेंब टाका, जरा लांब उभं राहून, पाणी असेल तर तडतडतो. २०२१ च्या जुलैत चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं तसं पाणी ज्या मशीनवरून गेलंय त्याचं तेल तपासत बसू नका, सरळ बदला.

मीठ आणखी वाईट. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतः पाणी ओढून विरघळतं. किनाऱ्यावर पावसाळ्यात आर्द्रता दिवसेंदिवस त्याच्या वरच असते, म्हणजे शेडमध्ये एक थेंब न गळताही लोखंड खाऱ्या पाण्यात भिजत राहतं. सिलिंडरचा रॉड चकचकीत क्रोमचा असतो, पण क्रोमखाली मीठ शिरलं की बारीक खड्डे पडतात आणि ते खड्डे दर फेरीला सील कापतात. आंब्याची लिफ्ट जूनपासून पडूनच असते ना, मग ती पूर्ण खाली करून ठेवा, बहुतेक लिफ्टमध्ये रॉड आत जातो. अर्धवट वर ठेवलेली लिफ्ट मार्चमध्ये गळणार.

राहिलं सगळ्यात वरचं टोक. पिना आणि बुश (पिन ज्यात फिरते ती नळी) झिजले की भोकं लंबगोल होतात, प्रत्येक सांध्यातली ती ढिलाई वरपर्यंत साठत जाते, म्हणून टेबल खाली घट्ट वाटतं आणि वर गेल्यावर झुलतं. पिनेच्या कडेला लालसर भुकटी दिसली तर ग्रीस पोचत नाहीये, लोखंड लोखंडावर घासतंय, आणि वरच्या रंगावर ग्रीस थापून काही होत नाही, ग्रीस निपलमधून आत जाऊन दुसऱ्या बाजूने जुनं ग्रीस बाहेर आलं पाहिजे.

हे बघायला आत वाकायच्या आधी माल काढून सेफ्टी बार, म्हणजे टेबल खाली येऊ न देणारा आधार लावा, प्रेशरवर भरवसा ठेवून कुणी खाली जायचं नाही. आमच्याकडचे जुने फिटर नवख्या पोराला ‘मेल्या, हात खंय घालतंस’ म्हणून ओरडतात ते उगाच नाही. होज पाईपवरून तर कधीच बोट फिरवू नका, सुईएवढ्या भोकातून येणारी तेलाची धार कातडीत शिरते, बाहेर फक्त टोचल्यासारखं दिसतं आणि आत तेल पसरत जातं, तसं झालं तर दुखायची वाट न बघता लगेच हॉस्पिटल. गळती शोधायला पुठ्ठा धरायचा.

वेल्डिंगच्या कडेने रंगाखालून गंजाची बारीक रेघ दिसली, म्हणजे डाग नाही, रेघच, तर लिफ्ट त्याच क्षणी बंद. तिथे भेग असण्याची शक्यता मोठी असते, कारण वरखाली भार पडून लोखंड थकतं आणि फाटायला लागतं ते बहुतेक वेल्डच्या काठावरूनच. भेगेत शिरणारा लाल डाय आणि तो बाहेर ओढून दाखवणारा पांढरा डेव्हलपर मारून टेस्ट करणारे मिळतात, स्प्रेचे डबे असतात, खर्च फार नाही. भेग निघालीच तर वरून नुसता वेल्डचा थर चढवून घेऊ नका, भेग खाली तशीच राहते, ती मुळापर्यंत ग्राइंड करून काढावी लागते आणि ते काम लिफ्ट बनवणाऱ्याला विचारूनच.