पायदळ जाणाऱ्याचा रस्ता कोणाचा? थोडं मागचं

फुटपाथ आणि सायकल ट्रॅकचा प्लॅन आला की आपल्याकडं लोक पहिले विचारतात, निधी किती आला. माझ्या मते विचारायला पाहिजे ते हे की तो रस्ता पालिकेचा आहे का.

फार जुनं सांगत नाही. पालिका सायकलीवर टॅक्स घ्यायची, पत्र्याचा बिल्ला द्यायची, मग लुना आल्या, मोटरसायकली आल्या आणि बिल्ला गेला. 2006 च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणात गाड्यांचा नाही, माणसांचा विचार करा असं लिहिलं होतं, पण ते तालुक्यापर्यंत पोचलंच नाही.

गुंता आहे तो मेन रोडचा. बसस्टँड, दवाखाना, तहसील, आठवडी बाजार सगळं त्याच्यावरच, आणि तो बहुतेक गावांत राज्यमार्ग नाहीतर नॅशनल हायवे, म्हणजे पालिकेला कडेला गट्टू बसवायचे तरी वरच्या खात्याची परवानगी लागते. डिसेंबर 2016 मध्ये हायवेपासून 500 मीटरच्या आत दारूविक्री नको असा कोर्टाचा निकाल आला आणि 2017 मध्ये राज्यातल्या काही शहरांतले हायवे पालिकांकडं द्यायची घाई सुरू झाली, कारण रस्ता पालिकेचा झाला की तो हायवे राहत नाही आणि दारूची दुकानं वाचतात. (वर्धा, गडचिरोली आणि तेव्हा चंद्रपुरातही दारूबंदी, तिथं तो प्रश्न नव्हता.) विरोध करणारे म्हणत की दुरुस्तीचा खर्च पालिकेला झेपणार नाही, आणि ते खरंच होतं. पण रस्ता हातात येऊन राहिला तर फुटपाथला नियमात सांगितलेली 1.8 मीटरची मोकळी जागा आधी आखून घ्या, हे त्या सगळ्या वादात मला कुठंच ऐकू आलं नाही, याचं आजही वाईट वाटते. जुलै 2017 मध्ये निकाल पालिका हद्दीला लागू नाही असा खुलासा झाला आणि विषय बसला.

मग 2020 मध्ये राज्य सरकारचं पर्यावरणासाठीचं माझी वसुंधरा अभियान आलं, सायकल रॅल्या निघाल्या. त्याच्या कितीतरी आधीपासून सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाच्या योजनेत आठवी ते बारावीच्या पोरींना सायकली मिळून राहिल्या आहेत. त्या पोरी शाळेत येतात त्याच मेन रोडनं. नवा सिमेंट रोड कडेच्या मातीपेक्षा वीतभर उंच, साइडला मुरूम भरलेला नाही, मागून ट्रकचा हॉर्न वाजला की पोरगी उतरते, दोन्ही हातांनी सायकल खाली घेते, ट्रक गेला की परत वर चढवते.