सहा दिवसांत पाच सामने : सुवानीच्या १८९९च्या हंगामाची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचा, म्हणजे चेंडू हातात धरून खेळायच्या अमेरिकन फुटबॉलचा, इतिहास निघाला की सुवानीचं नाव हमखास निघतं. टेनेसीच्या डोंगरपठारावरच्या सुवानी गावातल्या ‘युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ’ या छोट्याशा विद्यापीठाच्या संघाने १८९९ साली बाराच्या बारा सामने जिंकले. त्यांतले पाच तर सहा दिवसांत, तेही परगावी आणि समोरच्याला एकही गुण न देता. पराक्रमाचं कौतुक सगळेच करतात. मात्र हे धाडस अंगावर का घेतलं, ते सांगायचं राहून जातं. मूळ कारण पैशाचं होतं.

हे विद्यापीठ एपिस्कोपल चर्चच्या बिशपांनी १८५७ साली स्थापलं, पण मध्ये यादवी युद्ध आलं आणि वर्ग भरायला १८६८ साल उजाडलं. डोंगरावर मोठी गर्दी जमणार कुठून? तिकिटांची खरी कमाई शहरांतल्या सामन्यांची, विशेषतः नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्टविरुद्धच्या लढतीची. त्या वर्षी उत्पन्नाच्या वाटणीवरून दोघांचं बिनसलं आणि तो सामनाच झाला नाही. संघाचा व्यवस्थापक ल्यूक ली तेव्हा अवघा विशीतला विद्यार्थी. पडलेला खड्डा भरून काढायला त्याने रेल्वेचा दौरा आखला. एकाच फेरीत जमतील तितके सामने उरकायचे, म्हणजे प्रवासाचा खर्च निघून वर चार पैसे उरतील, असा सरळ हिशेब.

९ नोव्हेंबरला ऑस्टिनमध्ये टेक्सास विद्यापीठावर १२-० असा विजय. दुसऱ्या दिवशी ह्यूस्टनला टेक्सास ए अँड एमवर १०-०. तिसऱ्या दिवशी न्यू ऑर्लिन्सला टुलेनवर २३-०. रविवारी सुट्टी. सोमवारी बॅटन रूजमध्ये लुइझियाना स्टेटवर ३४-० आणि मंगळवारी मेम्फिसला मिसिसिपीवर १२-०. एकूण प्रवास सुमारे २,५०० मैलांचा, म्हणजे चार हजार किलोमीटरांचा. रात्री झोपायचं ते रेल्वेच्या डब्यात. बाहेरचं पाणी बाधू नये म्हणून डोंगरावरच्या झऱ्याचं पाणी पिंपांत भरून सोबत घेतलं होतं, असं सांगतात. खेळाचे बूटच स्टेशनवर राहिले आणि मागाहून धाडावे लागले, हाही किस्सा सुवानीत अजून सांगतात.

हे किती अवघड होतं ते तेव्हाचे नियम पाहिल्याशिवाय कळत नाही. पुढच्या दिशेने चेंडू फेकायची मुभा १९०६ साली मिळाली. त्याआधी चेंडू छातीशी धरून माणसांच्या भिंतीत घुसायचं, एवढंच. तीन प्रयत्नांत पाच यार्ड सरकायचं, नाहीतर चेंडू समोरच्याकडे. शिरस्त्राणाची सक्ती नव्हती. एकदा बाहेर गेलेल्या खेळाडूला त्या सामन्यात परत येता येत नसे, त्यामुळे तेच अकरा जण आक्रमणही करत आणि बचावही. दौऱ्यावर एकवीसच खेळाडू होते. आदल्या दिवशीचं ठणकणारं अंग घेऊनच पुन्हा मैदानात उतरायचं.

प्रशिक्षक बिली सूटर प्रिन्स्टनहून आलेले, कर्णधार हेन्री सायबल्स. या दोघांइतकाच मान ल्यूक लीला मिळायला हवा असं मला मनापासून वाटतं, कारण त्याच्या वेळापत्रकाशिवाय हा हंगाम कुणाच्या लक्षात राहिला नसता. पुढे हा गृहस्थ टेनेसीचा सिनेटर झाला. १९१९ साली तर पदच्युत जर्मन कैसरला धरून आणायला हॉलंडात जाऊन धडकला!

खरी कसोटी मात्र दौऱ्यानंतर लागली. ३० नोव्हेंबरला माँटगोमेरीत ऑबर्नच्या संघाशी गाठ पडली. त्यांचे प्रशिक्षक जॉन हाइझमन, ज्यांच्या नावाचा करंडक आज सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला देतात. सुवानीने तो सामना ११-१० असा जेमतेम काढला. अख्ख्या हंगामात त्यांच्यावर झालेले गुण एवढेच. दोनच दिवसांनी अटलांटात नॉर्थ कॅरोलायनावर ५-० असा विजय मिळाला आणि हंगामाचा हिशेब ३२२ विरुद्ध १० असा भरला.

एक गोष्ट इथे नोंदवायलाच हवी. दक्षिणेतल्या या विद्यापीठांचे दरवाजे तेव्हा कृष्णवर्णीय तरुणांना बंद होते. ‘दक्षिणेतला सर्वोत्तम संघ’ म्हणताना ही चौकट विसरून चालणार नाही.

पुढच्या काळात खेळात पैसा वाढला, मोठ्या विद्यापीठांची ताकद वाढली आणि सुवानी मागे पडलं. १९३२ साली साउथईस्टर्न कॉन्फरन्स हा विद्यापीठ संघांचा गट स्थापन करणाऱ्यांत ते होतं, पण तिथे गटातला एकही सामना न जिंकता १९४० साली बाहेर पडलं. आज ते कॉलेज स्पर्धांच्या, क्रीडा शिष्यवृत्त्या न देणाऱ्या तिसऱ्या विभागात खेळतं.