गाळातलं लोखंड, आतली दारू

१९१७च्या फेब्रुवारीत 'वुल्फ' हे जर्मन जहाज मालवाहू बोटीचं सोंग घेऊन मुंबईच्या समुद्रात आलं आणि पाणसुरुंग पेरून निघून गेलं. २३ जूनला, ऐन पावसाळ्यात, 'मंगोलिया' ही पी अँड ओ कंपनीची बोट मुंबईच्या दक्षिणेला त्यातल्याच एका सुरुंगाने बुडवली. तेव्हा सुरुंग शोधणं म्हणजे दोन बोटींमध्ये तारेचा दोर ताणून पाणी विंचरणं.

१४ एप्रिल १९४४ला व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' फुटली. बोटीत सुमारे १,४०० टन स्फोटकं होती. कापूस आणि सोन्याच्या विटाही होत्या. गाळातून निघालेल्या विटांच्या गोष्टी मुंबईकर चवीने सांगतात. पण ऑक्टोबर २०११मध्ये गोदीत जिवंत तोफगोळाही मिळाला आणि नौदलाला तो निकामी करावा लागला, ही गोष्ट कोणी फारशी सांगत नाही.

पाण्यात आवाजाच्या लहरी सोडून त्यांचा प्रतिध्वनी टिपणारं सोनार यंत्र आकार दाखवतं, चुंबकीय क्षेत्र मोजणारा मॅग्नेटोमीटर लोखंड. नांगर, बॉयलरचा तुकडा आणि गंजलेला गोळा यांत फरक करायचा तर पोटात काय आहे ते कळायला हवं. इथे न्यूट्रॉन, म्हणजे अणूच्या गाभ्यातला एक कण, कामाला येतो. त्याला विद्युतभार नाही, त्यामुळे तो पोलादी कवच भेदून आत जातो. आतल्या अणूंवर आदळला की गॅमा किरण निघतात आणि त्यांच्या ऊर्जेवरून मूलद्रव्य ओळखता येतं: कार्बनची खूण ४.४४ एमईव्ही (अशा ऊर्जा मोजण्याचं एकक), नायट्रोजनची १०.८. टीएनटी या स्फोटकात वजनाने १८ टक्क्यांहून जास्त नायट्रोजन असतो. जमिनीवर हे जमलेलं आहे. अमेरिकेतल्या आयडाहोच्या प्रयोगशाळेने आपोआप न्यूट्रॉन सोडणारं कॅलिफोर्नियम-२५२ वापरणारं उपकरण याच तत्त्वावर बनवलं, गोळा न उघडता आत कोणतं रसायन आहे ते सांगणारं.

पाण्यात मात्र घोडं अडतं. हायड्रोजनवर आपटून न्यूट्रॉन मंदावतात. तुर्भ्याच्या 'अप्सरा' अणुभट्टीत १९५६मध्ये पाण्याचा हाच गुण उपयोगी पडला होता, इथे तोच आड येतो. युरोपात, विशेषतः बाल्टिक समुद्रात बुडवलेल्या रासायनिक गोळ्यांपायी, यावर तोडगे शोधले गेले. एक म्हणजे उपकरण गोळ्याला जवळजवळ टेकवायचं आणि मधलं पाणी हवाभरल्या नळीने हटवायचं. दुसरा जास्त चतुर. ड्यूटेरियम आणि ट्रिटियम हे हायड्रोजनचे जड प्रकार एकत्र आले की १४ एमईव्हीच्या न्यूट्रॉनबरोबर एक अल्फा कण उलट दिशेला सुटतो. तो टिपला की न्यूट्रॉन कुठे आणि केव्हा निघाला ते कळतं. न्यूट्रॉन नॅनोसेकंदाला, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, सुमारे पाच सेंटिमीटर जातो, म्हणून गॅमा किरण किती वेळाने आला यावरून तो गोळ्यातला की आजूबाजूच्या पाण्यातला, हे वेगळं काढता येतं.

मस्टर्ड या विषारी वायूचा गोळा ओळखताना आणखी एक पंचाईत होते. त्याची एक मोठी खूण म्हणजे क्लोरीन, आणि समुद्राच्या पाण्यात क्लोरीन किती असतो हे मिठागरांशेजारी राहणाऱ्यांना सांगायला नको. तिथे मग गंधकाची खूण शोधावी लागते.