शिक्क्याची शाई आणि कागदाची खळ

मे महिन्यात आमच्या इमारतीतल्या एका आजोबांची पंचाहत्तरी होती. सुट्टी लागलेली सात-आठ पोरं त्यांच्यासाठी शुभेच्छापत्रं करायला माझ्या घरी जमली. सोलापूरच्या नवी पेठेतून तीन तऱ्हेचे कागद आले. एका मुलीने ‘अमृतमहोत्सव’ या अक्षरांचा रबरी शिक्का करवून आणला होता. शाईचं पॅड माझ्याच टेबलावरचं होतं, निळं.

शिक्का एक, पॅड एक, दाबणारा हातही एकच. पण ठसे उमटले तीन तऱ्हेचे. पांढऱ्या कार्डशीटवर अक्षरं स्वच्छ आली. फुलांच्या पाकळ्या घातलेल्या हातकागदावर प्रत्येक अक्षराला मिशा फुटल्या, ‘म’ कुठे संपतो आणि ‘हो’ कुठे सुरू होतो ते कळेना. पिवळ्या घोटीव कागदावर ठसा सगळ्यात सुरेख उमटला, पण तो वाळेचना.

“काकू, गच्चीवर ठेवूया का? पाच मिनिटांत वाळेल.”

सोलापूरच्या मे महिन्यात हा सल्ला चुकेल असं कुणालाच वाटणार नाही. त्या दिवशी पारा बेचाळिसाच्या पुढे होता. गच्चीवर टाकलेली चादर अर्ध्या तासात कडकडीत होते. तासाभराने पोरं कागद घेऊन खाली आली. कागदाच्या कडा पापडासारख्या वळल्या होत्या आणि ठशावर बोट लावलं तर बोट निळं.

“शाई एक्स्पायर झालीय,” असा निकाल लागला.

शाई उत्तम होती. चूक होती ती आपल्या सगळ्यांच्या डोक्यात बसलेल्या एका समजुतीची. शाई वाळते म्हणजे तिच्यातलं पाणी उडून जातं, असं आपण धरून चालतो. शिक्क्याच्या शाईला हे लागू पडत नाही. कचेरीतलं पॅड आठवून पाहा. वर पंखा गरगरतोय, झाकण दिवसभर उघडं आहे, तरी संध्याकाळपर्यंत पॅड ओलंच असतं. शाई हवेने वाळणारी असती तर दुपारच्या आतच पॅड कोरडं पडलं असतं. म्हणून या शाईत ग्लिसरीन किंवा ग्लायकॉल घालतात. ग्लिसरीन साध्या तापमानाला जवळजवळ उडतच नाही, उलट हवेतली ओल स्वतःकडे ओढून घेतं. अशी शाई कागदावर वाळत नाही, ती कागदात मुरते. मुरायला जागाच नसेल तर तिला ऊन देऊन उपयोग नाही.

ती मुरते कशी, हा माझा आवडता विषय आहे. सोलापूरकराला तो समजायला सगळ्यात सोपा, कारण त्याचं प्रात्यक्षिक आपल्या घरोघरी दोरीवर वाळत असतं.

नवाकोरा टॉवेल अंग नीट टिपत नाही, हे इथे लहान मूलही सांगेल. पाणी अंगावरच पसरतं, टॉवेल नुसता फिरतो. दोन-तीन धुण्यांनंतर तोच टॉवेल घटाघटा पाणी पिऊ लागतो. सूत तेच, वीणही तीच. बदललं एवढंच, की तंतूंवर बसलेला खळीचा, मेणाचा आणि मऊपणासाठी दिलेल्या द्रव्यांचा पातळ थर धुऊन गेला. कागद आणि टॉवेल यांची जात एकच, दोन्ही सेल्युलोजच्या, म्हणजे झाडापेशींच्या भिंती ज्याच्या असतात त्या द्रव्याच्या, तंतूंचे. धुतलेला टॉवेल म्हणजे टीपकागद, आणि कोरा टॉवेल म्हणजे लिहायचा कागद.

सेल्युलोजच्या लांबलचक रेणूवर जागोजागी ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या बाहेर डोकावत असतात. पाण्याच्या रेणूशी त्यांची चटकन गट्टी जमते. दोन तंतूंमधल्या फटीच्या भिंती अशा पाणीवेड्या असल्या की पाणी भिंतीला धरून पुढे सरकतं आणि पृष्ठताणामुळे, म्हणजे पृष्ठभागाच्या आक्रसून घेण्याच्या ओढीमुळे, मागच्या पाण्यालाही ओढून नेतं. हेच केशाकर्षण. समईच्या वातीत तेल चढतं तेही असंच.

हे पाणी किती वेगाने सरकतं, याचं गणित लुकास यांनी १९१८ साली आणि वॉशबर्न यांनी १९२१ साली मांडलं. मला हे सूत्र फार प्रिय आहे, म्हणून थोडा धीर धरा. द्रवाने कापलेल्या अंतराचा वर्ग घ्या. तो चार गोष्टींच्या प्रमाणात वाढतो: द्रवाचा पृष्ठताण, फटीची त्रिज्या, लोटलेला वेळ आणि स्पर्शकोनाची कोज्या (कोसाइन). द्रवाच्या श्यानतेने, म्हणजे दाटपणाने, तो घटतो. स्पर्शकोन म्हणजे थेंब पृष्ठभागाला जिथे टेकतो तिथला कोन. काचेवर थेंब पसरतो, तिथे हा कोन लहान असतो. अळूच्या पानावर थेंब गोळी होऊन बसतो, तिथे तो ९० अंशांहून बराच मोठा असतो. कोन ९० अंशांच्या पुढे गेला की कोज्या उणे होते आणि फट द्रवाला आत ओढण्याऐवजी बाहेर ढकलू लागते.

आता आकडे घालू. एक मायक्रोमीटर त्रिज्येची, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढी, सरळ आडवी नळी घ्या आणि तिच्या भिंतींना पाण्याचं पूर्ण प्रेम आहे असं धरा. पाणी पहिल्या सेकंदात सुमारे ६ मिलिमीटर जाईल. १२ मिलिमीटर जायला दोन नव्हे, चार सेकंद लागतील, कारण सूत्रात अंतराचा वर्ग आहे. १८ मिलिमीटरला नऊ. पुढे जावं तशी मागची वाट लांबते, आणि तेवढ्या सगळ्या वाटेवरच्या घर्षणाविरुद्ध द्रवाला ओढावं लागतं. म्हणून ठसा पसरतो तो बहुतेक पहिल्या क्षणांतच. शुद्ध ग्लिसरीन पाण्याच्या हजारपटीहून जास्त दाट, त्यामुळे त्याच नळीत ते एका सेकंदात ०.२ मिलिमीटरही जाणार नाही. शिक्क्याची शाई या दोन टोकांच्या मधली. खऱ्या कागदातल्या फटी वाकड्यातिकड्या असतात, म्हणून प्रत्यक्ष अंतरं याहून कमी भरतात.

सूत्रात गुंतायचं नसेल तर एवढंच धरून ठेवा: फट अरुंद करा किंवा तंतूचं पाण्यावरचं प्रेम कमी करा, शाईचं पसरणं आवरतं. कागदवाले या दोन्ही युक्त्या करतात आणि दोन्हींना आपल्याकडे एकच शब्द आहे, खळ.

माझे वडील सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका कापड कारखान्यात सायझिंगला, म्हणजे सुताला खळ द्यायच्या कामावर, होते. घरी आले की त्यांच्या कपड्यांना शिजलेल्या खळीचा आंबूस-गोडसर वास यायचा. ताण्याच्या सुताला खळ देतात ती मागावरच्या घर्षणात सूत तुटू नये आणि त्याची लव बसावी म्हणून. शाईशी तिचा काही संबंध नाही. पण तंतूंमधली रिकामी जागा पिष्टाने (स्टार्चने) भरून टाकायची, ही कृती तीच. कागदाच्या बाबतीतही आपले कारागीर हेच करत आले. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हाताने कागद करण्याची जुनी परंपरा आहे. जुन्या पद्धतीत कागद सुकला की त्याला खळ देत आणि मग गुळगुळीत दगडाने घोटून घोटून चमक आणत. खळीने फटी भरायच्या, घोटून त्या दाबून बंद करायच्या. बोरूची शाई अशा कागदावर न फुटता बसते. आपल्या शाळेतल्या हस्तव्यवसायाच्या तासाचा ‘घोटीव कागद’ हा शब्द याच क्रियेची आठवण आहे. आजच्या घोटीव कागदाच्या रंगीत बाजूवर कारखान्यात लेप देऊन चकाकी आणलेली असते, पण परिणाम तोच.

युरोपात खळीऐवजी जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेलं जिलेटिन वापरत. १८०७ साली जर्मनीतल्या मोरित्झ इलिग यांनी राळ आणि तुरटी लगद्यातच मिसळण्याची पद्धत प्रसिद्ध केली. कागद स्वस्त झाला, पण तुरटीमुळे आम्लही आलं. ते आम्ल सेल्युलोजच्या साखळ्या हळूहळू तोडतं. आजोबांच्या ट्रंकेतल्या जुन्या पुस्तकांची पानं दुमडताच तुटतात त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं. विसाव्या शतकात आम्लाशिवाय काम करणारी द्रव्यं आली. त्यातल्या एकाचं नाव अल्काइल केटीन डायमर. त्याचा रेणू एका टोकाने तंतूला घट्ट धरतो आणि मेणासारख्या शेपट्या बाहेर सोडतो. त्याने फट अरुंद होत नाही, स्पर्शकोन बदलतो. एक किलो कागदाला याचे एक-दोन ग्रॅम पुरतात, हे वाचलं तेव्हा मी थक्क झाले होते.

आता आमचे तीन ठसे पाहा. कार्डशीटला बेताची खळ होती, म्हणून शाई खाली मुरली पण आजूबाजूला धावली नाही. हातकागदावर मी पाण्याचा थेंब टाकला, तो दोन सेकंदांत गडप झाला. खळ जवळजवळ नव्हतीच. शाई मोकळ्या तंतूंच्या कडेकडेने पळाली. अक्षरांच्या मिशा म्हणजे त्या तंतूंचा नकाशाच. घोटीव कागदावर थेंब पाच मिनिटांनंतरही तसाच बसून होता. तो कागद उलटा करून पांढऱ्या बाजूवर ठसा मारायला लावला, तो मिनिटाभरात हाताला लागेनासा झाला. तोच कागद, तीच शाई, फक्त बाजू बदलली.

मुलांचा दुसरा सल्ला होता, जोरात दाबा. याचं उत्तर रबरात आहे. कच्चं रबर उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत ठिसूळ होई. १८३९ साली चार्ल्स गुडइयर यांना गंधक आणि उष्णता यांनी ते टिकाऊ होतं हे सापडलं; गंधक रबराच्या लांब रेणूंना मध्ये मध्ये गाठी मारतं. असं रबर दाबलं की त्याचं आकारमान घटत नाही, ते कडेला फुगतं. म्हणजे जोर लावाल तेवढी अक्षराची रेघ जाड होते आणि शाई कडेला ढकलली जाऊन ठशाला दुहेरी काठ येतो. खाली वर्तमानपत्राच्या चार घड्या ठेवा आणि शिक्का सरळ, सावकाश टेकवा. तेवढं पुरतं.

घोटीव कागदाचं मात्र मला वाईट वाटलं नाही, कारण न वाळणाऱ्या शाईचा एक अतिशय देखणा उपयोग आहे. हौशी लोकांच्या दुकानात उठावाची पूड मिळते. ती म्हणजे उष्णतेने वितळणाऱ्या प्लॅस्टिकचे बारीक कण. ओल्या ठशावर ती भुरभुरायची, कागद उलटा करून झटकायचा. पूड फक्त शाईला चिकटून राहते. मग हीट गनने तापवायचं. हेअर ड्रायर चालत नाही, त्याच्या वाऱ्याने पूड उडते आणि तेवढी उष्णताही मिळत नाही. कण वितळतात, पृष्ठताण त्यांना एकमेकांत ओढून गुळगुळीत करतो आणि अक्षर चकचकीत, उठावदार होऊन थिजतं. झेरॉक्स यंत्रातही पूड आणि उष्णता हीच जोडी असते. आपल्या कोरड्या उन्हाळी हवेत एक अडचण येते. घासून निर्माण झालेला विद्युतभार हवेत निचरत नाही, म्हणून पूड ठसा सोडून कागदभर चिकटते. आधी कागदावरून टाल्कम पावडरची पुरचुंडी हलकेच फिरवली की हे टळतं.

इथे थांबून एक गोष्ट सांगायलाच हवी. आम्ही बिनरंगी ग्लिसरीनने एका कोऱ्या कागदावर ठसा मारला. कागद कोराच दिसत होता. त्यावर उदबत्तीची राख टाकून झटकली आणि अक्षरं प्रकटली. पोरं ओरडली. भक्ताच्या नावाची अक्षरं अंगाऱ्यातून ‘उमटवून’ दाखवणाऱ्यांकडे याहून वेगळी विद्या नसते. आधी न दिसणाऱ्या चिकट द्रव्याने लिहायचं, नंतर पूड टाकायची. असे ‘चमत्कार’ दाखवून लोकांना फसवणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. पण कायद्याआधी प्रत्येक मुलाने हा प्रयोग एकदा स्वतःच्या हाताने करावा असं मला मनापासून वाटतं. ज्याने स्वतः राख झटकली आहे, त्याला त्या राखेची भीती वाटत नाही.

राहिला पाकळ्यांचा हातकागद. तो सगळ्यात सुंदर होता आणि मुलांना तोच हवा होता. मग तांदळाची पातळ कांजी केली, एक वाटी पाण्याला एक चमचा पीठ, चांगली शिजवून आणि गाळून. रुंद ब्रशने एक हात दिला, सावलीत वाळवलं, मग स्टीलच्या पेल्याच्या बुडाने घोटलं. थेंबाची परीक्षा पुन्हा घेतली; दोन सेकंदांचे अकरा झाले. दुसऱ्या हातानंतर पंचवीसच्या पुढे गेले आणि ‘अमृतमहोत्सव’ स्वच्छ वाचता आलं. तिसरा हात दिलेला कागद घडी घालताना चरकला, म्हणून दोनवरच थांबलो.

एक गोष्ट मात्र कांजीने सुटली नाही. ठसा जिथे सुकलेल्या पाकळीवर पडे तिथे शाई धरतच नसे, कारण पाकळीवर तिचा स्वतःचा मेणाचा पापुद्रा असतो. एका पत्रावर ‘त्स’च्या मधोमध झेंडूची पाकळी आली आणि तेवढ्याच जागी अक्षर कोरं राहिलं. ते टाकून द्यायला मुलं तयार होईनात. आजोबांच्या हातात पहिलं पत्र गेलं ते तेच.